तांबड्या चौकाची गोधडी

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन गोष्टी वाचणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही फार फार पूर्वीची हकिगत आहे. तेव्हा डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथे थंडी अशी पडायची की सकाळी रांजणात हात घालवत नसे. त्या गावातली लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर गोधडी जायची, आणि ती गोधडी तुळसाबाईच्या हातची असायची.

तुळसाबाईचा नवरा लवकर गेला होता. एकुलता एक मुलगा बैलांवर मीठ लादून घाटाखालून वर आणायचा, त्यामुळे तो महिनोन्‌महिने बाहेरच असे. घरात तुळसाबाई, तिची सुई आणि जुन्या लुगड्यांची गाठोडी.

तिच्या गोधडीचं वळण ठरलेलं होतं. मधोमध तांबडा चौक, त्याभोवती पांढरी पट्टी, बाहेरून निळा काठ आणि चार कोपऱ्यांना चार तांबडे त्रिकोण. टाक्यांच्या ओळी काठापासून आत सरळ जायच्या. हे वळण तिच्या सासूचं होतं आणि त्याआधी सासूच्या सासूचं. टाका वाकडा गेला की सासू तिच्या बोटांवर लाकडी चमचा मारायची. तेव्हा ते दुखलं होतं. पुढे गावात नाव झालं, तसा तिला त्याच माराचा अभिमान वाटू लागला.

मुलाचं लग्न झालं आणि द्वारका घरात आली. ती खालच्या सपाटीवरची, नदीकाठच्या गावातली. तिला शिवण येत होतं, म्हणून तुळसाबाई खूश झाली. घराचं वळण पुढे न्यायला हात मिळाला, असं तिला वाटलं.

द्वारकेने पहिली गोधडी ओटीवर बसून शिवली. तुळसाबाई शेतावरून आली आणि पाहतच राहिली. निळा काठ होता, पांढरी पट्टी होती, पण चौक हळदीच्या रंगाचा होता आणि मधोमध नव्हता, जरा एका अंगाला सरकलेला होता. टाक्यांच्या ओळी त्याच्याभोवती गोल फिरत फिरत काठाला टेकल्या होत्या.

"आत्याबाई, आमच्याकडे डोहात पाणी असं फिरतं," द्वारका म्हणाली. "मला ते फार आवडतं."

खरं सांगायचं तर तुळसाबाईलाही क्षणभर ते आवडलं. त्या गोल ओळींवरून तिने दोनदा हात फिरवला. मग तिला भीती वाटली. गावाने हे पाहिलं तर म्हणेल, तुळसाबाईच्या घरचं वळण मोडलं. आपल्याकडे असं करत नाहीत, असं तिने सुनेला मायेनेच समजावलं आणि द्वारका पाण्याला गेल्यावर ती गोधडी उसवायला घेतली. दोरा वाया जाऊ नये म्हणून तिने तो जपून काडीला गुंडाळून ठेवला. पाणी घेऊन आलेल्या द्वारकेने ते पाहिलं, घागर उतरवली आणि चुलीकडे गेली.

पुढच्या गोधडीत द्वारकेने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, फक्त एका कोपऱ्याचा त्रिकोण पिवळा लावला. त्या दुपारी शेजारच्या बायका शिवायला जमल्या होत्या. त्यांच्यासमोरच तुळसाबाईने तो कोपरा उसवला. बायका हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. द्वारकाही हसली आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

मग द्वारकेला दिवस गेले. त्याच वर्षी तिची आई वारली होती, आणि आईचं एक विरलेलं लुगडं तेवढं तिने माहेरून आणलं होतं. गोठ्यात, वैरणीच्या आडोशाला बसून ती त्याची लहानशी गोधडी शिवत असे. एकदा दावं शोधताना ती गोधडी तुळसाबाईच्या हाती लागली. या वेळी तर तिच्यात चौकच नव्हता. नुसतं फिरतं पाणी होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तुळसाबाईने विचार केला, की घरातल्या पहिल्या बाळाच्या अंगावर पडेल ती या घरचीच गोधडी हवी. तिने ती उसवली, कापली आणि मोठ्या कष्टाने पुन्हा शिवली. बारशाच्या दिवशी तांबड्या चौकाची ती इवलीशी गोधडी तिने सुनेच्या मांडीवर ठेवली.

द्वारकेने ती उलटून पाहिली. आईचं लुगडं अस्तराला गेलं होतं.

"चांगली झाली, आत्याबाई," ती म्हणाली. तुळसाबाईला वाटलं, सुनेला फार आनंद झाला आहे.

त्या दिवसापासून द्वारकेने एकही टाका वेगळा घातला नाही. वर्षांमागून वर्षं गेली. कोणती गोधडी सासूची आणि कोणती सुनेची हे गावातल्या जाणत्या बायकांनाही सांगता येईना. आता मी डोळे मिटायला मोकळी, असं तुळसाबाई सगळ्यांना सांगायची. पुढे तिच्या डोळ्यांपुढे खरोखरच धुकं दाटू लागलं, तरी तिला काळजी वाटली नाही. सुनेचे हात होते. नात मोठी झाली, तांबड्या चौकाची गोधडी घेऊन सासरी गेली.

नंतर त्या मुलखात दुष्काळ पडला आणि तो पडतच राहिला. मुळं उकळून तांबडा रंग काढणारे रंगारी गाव सोडून कुठे निघून गेले ते कळलं नाही. तांबडं कापड यायचं थांबलं, मागोमाग निळंही. लोकांच्या घरात उरलं होतं ते मातकट, राखाडी, फाटक्या पागोट्यांचं, ज्याच्या रंगाला नाव देता येऊ नये असं.

थंडीच्या तोंडावर कुंभाराची बायको गाठोडं घेऊन आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि सासर याहूनही उंचावरच्या गावात होतं. आहे त्यातच काहीतरी करा, पोरगी गारठून जाईल, एवढंच ती म्हणाली आणि गाठोडं ठेवून गेली.

तुळसाबाईने गाठोडं सोडलं. एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेला, पण त्या धुक्यात तिला कुठेच तांबडं दिसेना. तेव्हा कित्येक वर्षांत आठवली नव्हती ती हळदीच्या रंगाची गोधडी तिला आठवली. तिने सुनेला हाक मारली.

"द्वारके, यात तांबडं नाही. तुझ्या मनाला येईल तशी शीव."

द्वारका समोर बसली. तिने एक तुकडा उचलला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. खूप वेळ असंच चाललं.

"चौकाला कोणता लावू?" तिने विचारलं.

"तुला आवडेल तो लाव."

"आत्याबाई, मला काय आवडतं ते आता मला कळत नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरातलं मीठ संपलं म्हणून सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

तुळसाबाई घाबरली. तिने सुनेला डोहातल्या पाण्याची आठवण दिली, तशाच गोल ओळी घाल म्हणून विनवलं. द्वारकेने सुई ओवली. पहिले काही टाके वळले, आणि वीतभर गेल्यावर ओळ आपोआप सरळ झाली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ओळ सरळ झाली. मग कोणी सांगायच्या आतच तिने आपल्या हाताने ते टाके उसवले आणि दोरा जपून काडीला गुंडाळून ठेवला.

गुंडाळल्या जाणाऱ्या दोऱ्याचा तो बारीक आवाज तुळसाबाईने ऐकला. तो तिच्या ओळखीचा होता. मग ती म्हणाली, की नातीला बोलावून घेऊ, तिचा हात अजून कोवळा आहे.

"तिच्या हातात मी कधी सुई दिलीच नाही," द्वारका म्हणाली.

"का गं?"

"तिची गोधडी उसवलेली मला बघवली नसती."

तुळसाबाईने सुनेचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण द्वारका तोवर उठून गाठोडं बांधायला लागली होती.

गाठोडं कुंभाराच्या घरी परत गेलं. त्यांची लेक मागून आणलेली एक घोंगडी पांघरून डोंगर चढली. पुढे गावातल्या बायका मिळेल त्या चिंध्यांच्या, जमतील तशा गोधड्या शिवायला शिकल्या. काही वेड्यावाकड्या झाल्या, काही फार सुंदर झाल्या. तुळसाबाईच्या घरात मात्र त्यानंतर एकही गोधडी शिवली गेली नाही. ती आणखी बरीच वर्षं जगली. द्वारकेने तिची सेवा मन लावून केली, तिला कधी उलट शब्द बोलली नाही. म्हातारी दिवसभर ओटीवर बसून तुकडे चाचपत राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, हा पिवळा आहे का. पिवळा तुकडा तिच्या हाती कधी लागला नाही.

म्हणून, बाळांनो, दुसऱ्याच्या हाताला वळण लावताना त्याची आवड उसवू नये; कापड पुन्हा शिवता येतं, आवड पुन्हा शिवता येत नाही.