धाकूचे स्वस्त रियाल

समुद्राकाठच्या बोरसाळ गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. आळशी नव्हता, खोटं बोलायचा नाही, आणि सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. उलट एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरायचा नाही. सगळा घोटाळा तिथेच होता.

त्याची आई टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. सगळं गाव तिला आये म्हणायचं. एकदा आयेला ताप भरला, म्हणून घरात खायला बांगडे आणायला धाकू बंदरावर गेला. सकाळीच गेला आणि कोळणीने सांगितलेल्या भावाने कालचे शिळे बांगडे घेऊन आला.

आये अंथरुणातूनच म्हणाली, "अरे, खायची मासळी सांजेला घ्यावी. बाजार उठताना भाव पडतो. आणि दाबून बघायचं, वास घ्यायचा, मग पैसे द्यायचे."

"बरं आये," धाकू म्हणाला. "पुढल्या वेळी तसंच करीन."

आता झालं असं, की धाकूची बहीण यमू मस्कतला असायची. तिचा नवरा तिथे गाड्या दुरुस्त करायचा. यमूला मुलगा झाला. आयेचं पहिलं नातवंड. यमूने फोनवर सांगितलं, की सव्वा महिना झाला की बारसं करायचं, आणि इथे आमचं म्हातारं माणूस कोणी नाही, बाळाला पाळण्यात घालायला तूच ये. आयेने विमान फक्त खालून पाहिलं होतं. पण ती जायचं म्हणाली. सोबतीला धाकू. जावयाने दोघांचे पासपोर्ट आधीच करवून घेतले होते. खर्चाचे पैसे आयेने तांदळाच्या डब्यात साठवले होते. त्यातून तिकिटं काढायची होती आणि उरलेल्या रुपयांचे तिथे चालणारे रियाल करायचे होते.

आयेला टोपली घेऊन फिरायचं होतं. पाठवायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून धाकू रियाल आणायला चिपळूणला गेला.

चिपळुणात खातूशेठचं परदेशी नोटांचं दुकान होतं. धाकू तिथे सकाळीच पोहोचला, पण आत शिरला नाही. समोरच्या पिंपळाच्या पारावर दिवसभर बसला. खातूशेठ दिवे मालवून शटर ओढायला लागला तेव्हा उठला आणि वाकून आत गेला.

"रियाल दाखवा," तो म्हणाला.

खातूशेठने एक नोट पुढे केली. धाकूने ती अंगठ्याने दाबली. मग नाकाला लावली. मग उलटी करून पुन्हा नाकाला लावली.

"ताजी आहे का?" त्याने विचारलं.

खातूशेठने नोट परत घेतली.

"आता बाजार उठला," धाकू म्हणाला. "कितीला देता?"

खातूशेठ शांत माणूस होता. त्याने सांगितलं, की हा भाव सकाळ-संध्याकाळचा नसतो. तो कुठे दूर ठरतो आणि रोज थोडा वर-खाली होतो. पुढे काय होईल ते छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण सध्या रियाल चढा आहे. तुम्हाला जायला अवकाश आहे, तर चार दिवस थांबून बघा. एवढं बोलून त्याने शटर ओढलं.

धाकू रिकाम्या हाताने घरी आला. आयेने सगळं ऐकून घेतलं.

"पैशाचं दुकान म्हणजे काय मासळीबाजार आहे? शेठ सांगतो ते ऐकावं. भाव चढा असेल तर थांबायचं. उतरला की घ्यायचं."

"बरं आये. पुढल्या वेळी तसंच करीन."

दोन दिवसांनी आयेने त्याला विमानाची तिकिटं काढायला पाठवलं. तिकिटं चिपळुणातच निमकरबाईंच्या ऑफिसात मिळायची. धाकूने भाव विचारला. बाईंनी सांगितला.

"चढा आहे," धाकू म्हणाला आणि बाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिकीट थोडं महागलं होतं. धाकू बसला. तिसऱ्या दिवशी आणखी महागलं. धाकू डबा घेऊन आला आणि बसला. आलेल्या गिऱ्हाइकांनाही तो हळूच सांगायचा, की घाई करू नका, उतरेल. दोन गिऱ्हाइकं त्याचं ऐकून उठून गेली.

मग निमकरबाईंनी आयेला फोन केला. आये टोपली शेजारणीकडे ठेवून पुढच्या गाडीने आली आणि स्वतः दोन तिकिटं काढली. घरी जाताना एसटीत ती म्हणाली, "विमानाच्या जागा थोड्या असतात. बसून राहिलं की महाग होतात. वाट बघायची नाही. गेलास की पैसे समोर ठेवायचे आणि घेऊन मोकळं व्हायचं."

"बरं आये. पुढल्या वेळी तसंच करीन."

पुढल्या वेळी तो पुन्हा खातूशेठकडे गेला. दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. त्या दिवशी खातूशेठ बाहेरगावी होता आणि दुकानात त्याचा भाऊ बसला होता. भाऊ नवखा होता. धाकूने सगळे पैसे त्याच्यासमोर ठेवले.

"द्या," तो म्हणाला.

"कुठले देऊ?"

धाकूने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर देशोदेशींच्या पैशांचे भाव लिहिले होते. रियालसमोरचा आकडा सगळ्यात मोठा होता. म्हणजे चढा. सगळ्यात खाली व्हिएतनाम देशाचे पैसे होते. त्यांचं नाव डोंग. त्यांचा भाव इतका उतरलेला होता, की एका रुपयात शेकडो यायचे.

"ते उतरलेले द्या," धाकू म्हणाला. "सगळ्या पैशांचे."

तो घरी आला तेव्हा पिशवी फुगली होती. त्याने एकेक नोट ओट्यावर मांडली. एकेका नोटेवर लाखाचा आकडा. आळीतली माणसं जमली. धाकू कोट्यधीश झाला, असं बोलणं विहिरीपर्यंत गेलं. पलीकडच्या घरचा म्हातारा होडीच्या इंजिनासाठी उसने मागायलाही आला.

आयेने एक नोट उचलून बघितली. "हे मस्कतला चालतं?"

"नाय," धाकू म्हणाला. "पण आये, लई उतरलेलं होतं."

आयेने ओट्यावरच्या नोटा पिशवीत भरल्या. मग म्हणाली, "जिथे जायचं, तिथलेच पैसे घ्यायचे बाबा. दुसरे फुकट मिळाले तरी घ्यायचे नाहीत. जा, हे परत करून ये."

"बरं आये. पुढल्या वेळी तसंच करीन."

सकाळी आयेने त्याला एसटीच्या भाड्याचे रुपये दिले. ते घेऊन तो आधी गावभर फिरला आणि घराघरांत विचारत गेला, की कोणाकडे चिपळूणचे पैसे आहेत का. वाण्याने सांगितलं, नाहीत. शाळेतल्या शिपायाने सांगितलं, संपले. मग तो तसाच गाडीत बसला.

कंडक्टर आला. धाकू म्हणाला, "चिपळूणला जायचंय. पण माझ्याजवळ बोरसाळचेच पैसे आहेत."

"चालतात," कंडक्टर म्हणाला.

"तिथे चालत नाहीत. मला चिपळूणचे द्या, मग मी तिकीट काढतो."

कंडक्टर आधी हसला. मग चिडला. मग घंटी मारून त्याने धाकूला वाटेतल्या मोरीच्या पुलापाशी उतरवलं. धाकू पिशवीभर लाखाच्या नोटा डोक्यावर घेऊन चिपळूणपर्यंत चालत गेला.

खातूशेठ दुकानात होता. त्याने आधी भावाला फैलावर घेतलं, की गिऱ्हाइकाचं तिकीट आणि पासपोर्ट न बघता नोटा दिल्यासच कशा. धाकूलाही सांगितलं, की पुढच्या वेळी दोन्ही घेऊन या, ते दाखवल्याशिवाय रियाल मिळायचे नाहीत. मग डोंग परत घेतले. थोडे पैसे कमी आले, ते का ते त्याने समजावलं. म्हणाला, घेतलं ते लगेच विकायला आलं की नुकसानच. घ्यायचं ते उतरल्यावर आणि विकायचं ते चढल्यावर, सगळा धंदा एवढाच आहे.

घरी आल्यावर धाकूने हे आयेला सांगितलं. आयेला ते पटलं. ती स्वतः तेच करत आली होती.

"शेठ शहाणा आहे," ती म्हणाली. "त्याचं हे बोलणं मात्र पक्कं ध्यानात ठेव. उतरलं की घ्यायचं. चढलं की विकायचं. मग कोणाचं ऐकू नको."

"बरं आये. पुढल्या वेळी तसंच करीन."

निघायचा दिवस आला. विमान दुसऱ्या दिवशी मुंबईहून होतं आणि मुंबईची गाडी त्या रात्री चिपळूणहून. आयेने सुकवलेले सोडे आणि कोकमं बांधली, बाळासाठी स्वतः शिवलेलं टोपडं सगळ्यात वर ठेवलं. धाकूला सकाळीच पासपोर्ट आणि तिकिटं देऊन रियाल आणायला पाठवलं.

धाकू दुकानात शिरला आणि फळ्याकडे बघतच राहिला. रियाल उतरला होता. खातूशेठसुद्धा म्हणाला, की इतका उतरेल असं मला वाटलं नव्हतं, तुम्ही थांबलात ते बरं झालं. धाकूने पासपोर्ट आणि तिकिटं दाखवली आणि जवळच्या सगळ्या पैशांचे रियाल घेतले. उलटसुलट करून वास घ्यायचा त्याला मोह झाला, पण तो त्याने आवरला. तो आता शहाणा झाला होता.

बाहेर आला आणि त्याला वाटलं, भाव इतका उतरलाय तर आणखी घ्यायला हवेत. पण पैसे संपले होते. चालता चालता तो निमकरबाईंच्या दारात आला.

"बाई, मस्कतचं तिकीट आज कितीला?"

बाईंनी आकडा सांगितला. "फार चढलंय. तुमच्या आईने वेळेवर काढली म्हणून वाचलात."

"चढलंय?" धाकूने पुन्हा विचारलं.

"दीडपट."

धाकूने दोन्ही तिकिटं टेबलावर ठेवली. "मग ही परत घ्या."

बाईंनी चष्मा काढला. घरी कोणी आजारी आहे का, असं विचारलं. नाही. बारसं पुढे गेलं का? नाही. परत केली तर बरेच पैसे कापले जातील, हेही सांगितलं.

"आईला विचारलंत का?"

"आयेनेच सांगितलंय," धाकू म्हणाला. "कोणाचं ऐकू नको म्हणाली."

बाईंनी कापायचे ते कापून पैसे दिले. धाकू धावत खातूशेठकडे गेला आणि त्यांचेही रियाल घेतले. तिकिटं मघाशीच दाखवली होती, म्हणून शेठने पुन्हा मागितली नाहीत.

घरासमोर इस्माईलची रिक्षा उभी होती. आळीतल्या बायका आयेला निरोप द्यायला आल्या होत्या. आयेने नवं लुगडं नेसलं होतं. धाकू घामाघूम होऊन आला आणि त्याने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"आये, एवढे रियाल आपल्या गावात कोणी पाहिले नसतील. उतरले होते, म्हणून घेतले."

"शाबास," आये म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली. "तिकिटं दे."

"ती चढली होती," धाकू म्हणाला. "म्हणून विकली."

इस्माईलने चालू केलेली रिक्षा बंद केली. आयेने टोपड्याकडे पाहिलं. मग धाकूकडे पाहिलं आणि काय करायला हवं होतं ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आठवलं, की आजवर आपण जे जे सांगितलं, ते ते ह्याने केलं. तिने तोंड मिटलं.

"सांग ना आये," धाकू म्हणाला. "पुढल्या वेळी काय करू?"

आयेने त्याच्या खिशातून आपला पासपोर्ट काढून घेतला, पिशवी आणि बोचकं उचललं आणि रिक्षात बसली.

"इस्माईल, आधी खातूशेठ. मग निमकरबाई. जोरात घे."

रिक्षा वळणापर्यंत गेली तेव्हा धाकूच्या डोक्यात उजेड पडला. तो मागून धावत सुटला.

"आये, उलटं करतेस. रियाल उतरलेत, विकू नको. तिकीट चढलंय, आज घेऊ नको. चार दिवस थांब, उतरेल."

इस्माईलने आरशात पाहिलं. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही," आये म्हणाली. "तू चालव."

निमकरबाईंकडे उद्याच्या विमानात एकच जागा उरली होती.

आयेला एकच हवी होती.