अण्णांचा बिनकागदी पगार

“येत्या पहिल्या तारखेला पगाराचं एक जरी पाकीट माझ्या कारखान्यात दिसलं, तर तुम्ही घरी बसा, टिकेकर!”

हळदीच्या कारखान्याचे मालक अण्णासाहेब आमच्या ह्यांच्यावर कडाडले. हे तिथं पगाराचं काम बघतात. अण्णांनी नवा कॉम्प्युटर आणला होता. आता पगार थेट खात्यात आणि निरोप फोनवर. पाकीट नाही, पावती नाही, सहीसुद्धा नाही!

कारखान्यातल्या बायका मात्र हटून बसल्या. पगाराचं पाकीट देवापुढं ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, मगच त्यातली नोट मोडायची, ही त्यांची रीत. मालनबाई तर ह्यांना तोंडावर म्हणाल्या, “साहेब, फोनातल्या लक्ष्मीला कुंकू लावू कुठं? आमचं पाकीट द्या!”

घरी येऊन हे डोकं धरून बसले.

“अहो, त्यात काय? फोनलाच लावायचं!” मी म्हटलं. माझी व्रतं आठवड्याच्या वारांत मावत नाहीत, त्यामुळं पूजेतलं मला कुणी शिकवू नये, असा माझा समज. लगेच ह्यांचा फोन पाटावर मांडला. हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. पंचामृतही शिंपडलं. जरा सढळ हातानंच.

फोन एकदा थरथरला आणि कायमचा शांत झाला.

“अगं, आंघोळ घातलीस त्याला?”

“नुसतं शिंपडलं हो!”

“हे दही आहे दही!”

प्रायश्चित्त म्हणून मी कडक उपास धरला. फोन काही उठला नाही, डब्यातला साबुदाणा मात्र संपला.

ही कीर्ती अण्णांच्या कानावर गेलीच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

“फोन बुडवणाऱ्या वहिनी त्या तुम्हीच ना? मग आता तोडही तुम्हीच काढा! पगार बायकांच्या हातात पडला पाहिजे. त्याला कुंकू लावता आलं पाहिजे. पण कागद नको, फोन भिजायला नको आणि माझा एक रुपयाही खर्च व्हायला नको! जमलं नाही, तर टिकेकरांची नोकरी गेली!”

हे पांढरेफटक पडले. मी मात्र देवावर भार टाकून घरी आले. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पूजा मांडताना तांदळावर गणपतीची सुपारी ठेवली आणि माझं मलाच हसू आलं. गणपतीबाप्पा समोर बसून उत्तर सांगत होता, आणि मी बया फोनला दही पाजत होते!

तडक कारखाना गाठला. आत जाताना तिथल्या अंगणातल्या ढिगातून एक हळकुंड उचललं आणि अण्णांच्या टेबलावर ठेवलं. मालनबाईंनाही आत बोलावलं.

“अण्णा, पूजेला गणपती म्हणून काय मांडतो आपण?”

“सुपारी.”

“ती गणपती कशी होते?”

“आपण मानतो म्हणून! त्यात काय विचारायचं?”

“मग पगाराच्या दिवशी प्रत्येकीच्या हातावर एक हळकुंड ठेवा. पैसे खात्यात, लक्ष्मी पाटावर!”

“आणि खर्च?”

“पूजा झाली की सुपारी आपण डब्यात ठेवतो, पुढच्या पूजेला तीच काढतो. हळकुंडही तेच! बायका दर महिन्याला परत आणतील, तुम्ही पुन्हा हातावर ठेवायचं. ढीग तुमचा, हळकुंड तुमचं. खर्च कसला?”

मालनबाईंनी हळकुंड निरखलं. “मला पटलं. याला हळदही वाहायला नको, नुसतं कुंकू पुरे! पण हातावर ठेवायचं ते अण्णांनीच. आजवर पाकीटही अण्णाच द्यायचे.”

“थांबा, थांबा!” अण्णा अडून बसले. “हे हळकुंड आहे हळकुंड! याला पगार कोण म्हणेल?”

“आणि तुमच्या फोनवरचा आकडा, अण्णा? तो तरी कुठं वाजतो, कुठं हाताला लागतो? तोही आपण मानायचाच ना!”

अण्णांनी फोनकडे पाहिलं. हळकुंडाकडे पाहिलं. आणि पोट धरधरून हसत सुटले!

“आणि याला चार्जिंगही लागत नाही! टिकेकर, तुमची नोकरी पक्की. वहिनींना माझ्याकडून नवा फोन! पण वहिनी, त्याला आंघोळ नाही हं!”

“छे हो, अण्णा!”

नवा फोन घरी आला, त्या संध्याकाळी मी कुंकू वाहिलं ते फक्त त्याच्या रिकाम्या खोक्याला. तरीही हे दह्याचं भांडं उराशी धरून शेजारी उभे होते!