पालथ्या हंड्याचा डोंगर

समोर हंडा पालथा घातल्यासारखा जो डोंगर दिसतो, त्याला आमच्याकडे हंडाई म्हणतात. झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळा कातळ. पायथ्याचं देऊळ चिमाईचं.

चिमा पाटलांची थोरली सून. तिच्या हाताला चव होती, तेच तिला भोवलं. गावचा भंडारा आला तेव्हा ती ओली बाळंतीण, तरी पहाटेच तिला चुलीपुढे बसवलं. तान्हं पोर चिंचेच्या फांदीला, झोळीत. रीत अशी, की शेवटचा पुरुष जेवून हात धुवेपर्यंत रांधणारीनं तोंडात घास घालायचा नाही. ही रीत कुणी घातली? जेवणाऱ्यांनी! दुसरं कोण घालणार?

उन्हं डोक्यावर आली. पंगतीमागून पंगती ढेकर देत उठत होत्या. पोर भुकेनं टाहो फोडत होतं आणि उपाशी चिमाला दूध उतरत नव्हतं. तिनं सासूपुढे पदर पसरला. "आत्याबाई, भाकरीचा तुकडा द्या. माझ्यासाठी न्हाई, लेकरासाठी मागतीय."

"गप ऱ्हा. भंडारा उष्टा हुईल," सासू म्हणाली. "आमी न्हाई का ऱ्हायलो उपाशी?" तिचंही आयुष्य त्याच रितीत गेलं होतं.

चिमा पुन्हा चुलीकडे वळली. थोड्या वेळानं झोळीतलं रडणं थांबलं. "निजलं एकदाचं," पानावरून पाटील म्हणाले. चिमानं जाऊन पाहिलं. पोर निजलं नव्हतं.

असं सांगतात, की ती परत आली, आमटीचा उकळता हंडा तिनं भर पंगतीसमोर पालथा घातला आणि पोराला उराशी धरून चालती झाली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. हंडा काही कुणाच्यानं हलेना. बघता बघता त्याचा डोंगर झाला, आणि गावात एकाही चुलीला जाळ धरेना. मिशांना पीळ देणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी पाटलांनी कातळावर डोकं टेकून शपथ घेतली, "यापुढं पहिलं पान रांधणारीचं." तेव्हा कुठे चुली पेटल्या म्हणे.

पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय थोडाच! काही वर्षं शपथ पाळली. मग कुणा शहाण्यानं काढलं, की चिमा म्हणजे साक्षात देवी. लगेच देऊळ उभं राहिलं. देवीचं काय, नैवेद्य दाखवला की भागतं. बाईला जेवायला वाढावं लागतं.

आजही भंडाऱ्याला पहिलं पान चिमाईचंच असतं. ते देवळाच्या पायरीवर ठेवतात, हात जोडतात, आणि पुरुष जेवायला बसतात. तुम्ही नेमके आजच आलात, तेव्हा जेवल्याशिवाय जाऊ नका. रांधायला सदूची बायको आहे, पहाटेपासून. तिचं लेकरू पलीकडे चिंचेखाली झोळीत आहे. पानावर बसण्याआधी तिकडे जरा कान द्या.