बिट्टीच्या दारावरचं चाक

कान इकडे करा बरं. शेपटी असेल तर गुंडाळून बसा. नसेल तर पाय गुंडाळा.

आंबेफाट्यावर होतं एक गॅरेज. गॅरेज होतं हणमंत मिस्त्रींचं. गॅरेजच्या अंगणात होतं एक बीळ. बिळात राहायचा टिचकू उंदीर. टिचकू होता एवढासा. त्याची बहीण बिट्टी, ती तर त्याहून एवढीशी.

एके दिवशी सकाळी टिचकू म्हणाला, "बिट्टी, तू घरात थांब. मी खाऊ घेऊन येतो."

टिचकू गेला, तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू आला, तुरुतुरु तुरुतुरु. आणि बघतो तर काय! दारच नाही! दारावर बसलंय एक भलंमोठं काळं चाक!

चाक होतं केरबातात्यांच्या गाडीचं. आता ही गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाला! तीन दारं पांढरी, एक दार निळं. आरसा सुतळीने बांधलेला. काच खाली जायची, पण वर यायची नाही. महिन्यातले पंधरा दिवस ती तात्यांच्या घरी, पंधरा दिवस मिस्त्रींच्या दारी. आज तात्यांनी तिला पूजेसाठी आणलं होतं. अर्धा रस्ता चालवत आणि अर्धा रस्ता ढकलत. आणलं आणि उभं केलं, ते नेमकं बिट्टीच्या दारावर.

चाकाखालून बारीक आवाज आला.

"चीं चीं! दादा, अंधार झाला!"

टिचकूने चाकाच्या फटीला तोंड लावलं.

"घाबरू नको हं बिट्टी. मी आत्ता चाक हलवतो."

टिचकूने चाक ढकललं. हुश्श! पुन्हा ढकललं. हुश्श हुश्श! चाक जागचं हलतंय कशाला?

मग टिचकू गाडीच्या पुढे गेला. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडीआजी, गाडीआजी!"

"काय रे टिचकू?"

"दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तू हलशील का?"

"अगंबाई! पोर अडकली का? पण मी नाही रे हलणार. माझी बॅटरी जोर देईना. तिने जोर दिला, तर मी हलेन."

गाडीआजीने हलायचा प्रयत्न केला. खुर्र... फुस्स. खरंच हलली नाही बिचारी.

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. चाकावर चढला, फटीतून शिरला, थेट बॅटरीपाशी.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई!"

"काय रे टिचकू?"

"गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तू जोर देशील का?"

"मी नाही देणार. माझे कान बघ, तारा जोडतात ते. कानांवर पांढरा बुरा साठलाय. कान सैल झालेत. पाना उठला, त्याने माझे कान आवळले, तर मी जोर देईन."

टिचकूने बॅटरीचे कान पाहिले. एक इकडे, एक तिकडे. दोन्ही डुगडुग, डुगडुग.

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पाना नेहमी पेटीत असतो. पण पेटी रिकामी! पाना कुठंय? पाना बसला होता पाटावर. अंगाला हळद, अंगाला कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. शेजारी हातोडी, शेजारी पक्कड, शेजारी सगळे लहानमोठे भाऊ. सगळे कसे नवऱ्या मुलासारखे नटून बसलेले.

"पानादादा, पानादादा!"

"काय रे टिचकू?"

"बॅटरी जोर देईना,
गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तू उठशील का?"

"मी नाही उठणार. आज खंडेनवमी. आज आमची पूजा. वर्षभर आम्ही राबतो, आज आम्ही बसतो. मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांना पाटावर ठेवलंय. एकसुद्धा बाहेर ठेवला नाही. नारळ फुटला, तर मी उठेन."

"दादा, भूक लागली!" चाकाखालून बिट्टी म्हणाली. फटीतून तिच्या शेपटीचं टोक बाहेर आलं. टिचकूने धावत येऊन टोकाला हळूच हात लावला.

"आलोच हं, बिट्टी."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. नारळ तांब्यावर बसला होता. शेंडी वर, तोरा केवढा!

"नारळोबा, नारळोबा!"

"काय रे टिचकू?"

"पाना उठेना,
बॅटरी जोर देईना,
गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तू फुटशील का?"

"मी नाही फुटणार. आपला आपण नारळ कधी फुटतो का? मिस्त्रींनी मला फोडलं, तर मी फुटेन."

टिचकूने एक दात लावून पाहिला. कट्! नारळाला काही झालं नाही. दात मात्र दुखला.

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. मिस्त्री दारात उभे होते. हाताची घडी, तोंडाचा फुगा.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा!"

"काय रं बारक्या?"

"नारळ फुटेना,
पाना उठेना,
बॅटरी जोर देईना,
गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तुम्ही नारळ फोडाल का?"

"मी न्हाई फोडणार. आधी मालकानं गाडीला हार घालायचा, मग मी नारळ फोडायचा. अशी रीत हाय आमच्याकडं. हार तात्यांच्या हातात हाय. तात्यांनी हार घातला, तर मी नारळ फोडीन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. तात्या एका जुन्या टायरवर बसले होते. मांडीवर झेंडूचा हार. मिस्त्रींकडे पाठ. तात्यांच्याही तोंडाचा फुगा, मिस्त्रींपेक्षा मोठा.

"तात्या, तात्या!"

"काय रं लेकरा?"

"मिस्त्री नारळ फोडीना,
नारळ फुटेना,
पाना उठेना,
बॅटरी जोर देईना,
गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तुम्ही हार घालाल का?"

"मी न्हाई घालणार! ह्या हणमंतानं माझ्या गाडीला भंगार म्हटलं. सणाच्या दिवशी! माझी लेक ह्याच गाडीतनं सासरी गेली. माझा नातू ह्याच गाडीतनं दवाखान्यातनं घरी आला. आणि भंगार म्हणतो? कुणीतरी माझ्या गाडीला चांगलं म्हटलं, तर मी हार घालीन. जा, सांग त्याला!"

आता आली का पंचाईत! टिचकू पुन्हा मिस्त्रींकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आता त्याचे पाय दुखायला लागले होते.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा!"

"आता काय रं?"

"तात्या हार घालीना,
मिस्त्री नारळ फोडीना,
नारळ फुटेना,
पाना उठेना,
बॅटरी जोर देईना,
गाडी हलेना,
दार उघडेना,
बिट्टी बाहेर येईना!
तुम्ही गाडीला चांगलं म्हणाल का?"

"आधी हार घालू दे. मग बोलतो," मिस्त्री म्हणाले.

"आधी बोलू दे. मग घालतो," तिकडून तात्या ओरडले.

"आधी हार!"

"आधी बोल!"

"हार!"

"बोल!"

एवढी मोठी दोन माणसं! आणि मधे एवढासा टिचकू. तो इकडे बघतोय, तिकडे बघतोय. त्याला रडू यायला लागलं. तेवढ्यात चाकाखालून आवाज आला. अगदी बारीक.

"चीं..."

टिचकूने डोळे पुसले. चांगलं म्हणायचंय ना? मग मिस्त्रीच कशाला पाहिजेत? चांगलं तर टिचकूलाही म्हणता येत होतं. टिचकू तात्यांच्या बुटावर चढला. बुटावरून गुडघ्यावर चढला. दोन पायांवर उभा राहिला आणि म्हणाला,

"तात्या, तुमची गाडी चांगली आहे."

तात्यांनी मान वळवली.

"गाडीआजी इथे आली की आम्हाला आनंद होतो. तिच्या पोटाखाली ऊब असते. पाऊस आला तरी अंग भिजत नाही. मांजर आली तर आम्ही तिच्याखाली पळतो. बिट्टीने पहिलं पाऊल तिच्या सावलीत टाकलं. आज ती आमच्या दारावर उभी आहे, तरी मला ती आवडते. खूप खूप आवडते."

तात्यांचा फुगा फुस्स झाला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. फुर्रर्र!

तिकडे मिस्त्रींचाही फुगा फुस्स झाला. ते जवळ आले. डोकं खाजवत म्हणाले, "चुकलो तात्या. गमतीनं बोललो. भंगार असती, तर मी हिला शंभर वेळा दुरुस्त केली असती का? माझाबी जीव हाय हिच्यावर."

"मग तोंडानं म्हणायला काय झालं होतं?" तात्या म्हणाले. आणि उठले. पण टिचकूला आधी अलगद खाली ठेवलं बरं का.

आणि मग काय झालं?

तात्यांनी हार घातला. सळसळ सळसळ!
मिस्त्रींनी नारळ उचलला. हूं!
नारळ फुटला. खाड्!
पाना उठला. टण्ण!

मिस्त्रींनी बॅटरीचा बुरा खरवडला. खर खर खर! पान्याने बॅटरीचे कान आवळले. कर्र कर्र! आता डुगडुग नाही.

तात्यांनी गाडीत बसून किल्ली फिरवली. बॅटरीने जोर दिला.

आणि गाडी?

खुर्र... खुर्र... फुस्स.

अरे देवा! टिचकूने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"तात्या, चोक वढा की! जुनी गाडी ती, सकाळी गारठती," मिस्त्री म्हणाले.

तात्यांनी चोक ओढला. गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा स्टेअरिंगवरून हात फिरवला. हळूच म्हणाले, "चल गं माझे बाय. आत लेकरू हाय."

खुर्र... खुर्र... खुर्र... भर्रर्रर्र!

भक्कन काळा धूर आला. आरसा थडथड, दारं खडखड, काच खळखळ! मिस्त्रींनी चाकापुढे लिंबू ठेवलं होतं. त्यावरून चाक गेलं. लिंबू फच्च!

गाडी हलली!
दार उघडलं!
आणि दारातून आधी आल्या मिश्या. मग आलं नाक. मग आली सगळी बिट्टी! धुळीने माखलेली, डोळे मिचकावणारी, एवढीशी बिट्टी!

"दादा!"

"बिट्टी!"

टिचकूने धावत जाऊन तिला मिठी मारली. घट्ट! घट्ट घट्ट!

तात्या हसले. मिस्त्री हसले. गाडीआजीने पण हॉर्न दिला. पोंऽऽ! म्हणजे दिला नाही, आपला आपणच वाजला. तो तसाच वाजतो.

"दादा, मला सोड ना," बिट्टी म्हणाली.

तर,

तात्यांनी हार घातला,
मिस्त्रींनी नारळ फोडला,
नारळ फुटला,
पाना उठला,
बॅटरीने जोर दिला,
गाडी हलली,
दार उघडलं,
बिट्टी बाहेर आली.

पण टिचकू काही तिला सोडीना!