बिजली म्हशीचं घड्याळ

जनावरं बोलायचीच, पण घड्याळंही बोलायला लागली, तेव्हाची गोष्ट. बिजली म्हशीला कुरणात एक स्मार्टवॉच सापडलं. बगळ्याने ते हौसेने तिच्या पायात बांधलं. पण बिजली डबक्यात बसून रवंथ करू लागली की घड्याळ खेकसायचं, "उठा! चाला!"

"बुडव मेल्याला चिखलात!" बिजली वैतागली.

"थांब गं मावशी," म्हणत बगळ्याने घड्याळ तिच्या शेपटीला बांधलं.

बिजली दिवसभर बसल्या जागी माश्या हाकत राहिली. शेपटीचा प्रत्येक फटका घड्याळाने पाऊल म्हणून मोजला. संध्याकाळी ते म्हणालं, "शाब्बास! आज फार चाललात. आता विश्रांती घ्या."

बिजलीचे डोळे पाणावले. "राहू दे रे हे घड्याळ. तरीच म्हटलं, आज पाय एवढे का दुखतायत!"