दर रविवारची क्षमा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मलाही ती अशीच कुणीतरी सांगितली. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात मातीच्या भिंतींचं एक छोटं चर्च होतं, आणि तिथे एक रीत होती. दर रविवारी उपासना संपत आली की ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. याला ते साक्ष देणं म्हणत.

साक्ष द्यावी तर शांतवनने. आवाज भरदार, डोळ्यांत पाणी अगदी वेळेवर. त्याची साक्ष एकच होती. "शेजारच्या हन्नाबाईने निखाऱ्यासकट राख टाकली. वारा सुटला आणि माझी कडब्याची गंजी जळून गेली. पण प्रभूने मला शिकवलं, आणि मी तिला क्षमा केली."

"आमेन," लोक म्हणायचे.

गंजी जळाली हे खरं होतं. चूक हन्नाबाईचीच होती, आणि ती बिचारी विधवा रडत त्याच्या दारात गेलीही होती. तेव्हा शांतवन तोंड फिरवून आत निघून गेला. त्याला क्षमा सुचली ती रविवारी, भरल्या चर्चमध्ये.

बरं, एकदा सांगून थांबावं की नाही? छे, ते 'आमेन' त्याला फार गोड लागलं. पुढच्या रविवारी पुन्हा क्षमा, त्याच्या पुढच्याही रविवारी क्षमा. सांगता सांगता एका गंजीच्या दोन गंज्या झाल्या, आणि काही महिन्यांनी गोठाही जळाला. नुकसान जेवढं मोठं तेवढी क्षमा थोर दिसणार, दुसरं काय!

हन्नाबाई मागे चटईवर मान खाली घालून ऐकायची. गावातल्या लग्नाकार्यांचा स्वयंपाक करून ती पोट भरत असे. पण हळूहळू लोक म्हणू लागले, "हिला कशाला चुलीपाशी बसवायचं? उद्या मांडव पेटायचा." एकेक घर तुटलं. दोन वर्षांत तिला कुणी बोलावेनासं झालं.

एका रविवारी तिची चटईवरची जागा रिकामी दिसली. शांतवनने साक्ष दिली खरी, पण घरी येऊन बायकोला विचारलं, "सालोमी, हन्नाबाई आज आली नाही ती?"

"ती गाव सोडून चाललीय. उद्या सकाळी भावाकडे जाणार."

"का बरं? मी तर तिला क्षमा केलीय."

सालोमी भाकरी थापता थापता थांबली. "अहो, विझलेली गंजी तुम्ही दर रविवारी पुन्हा पेटवता. सगळ्या गावाला सांगितलंत क्षमा केली म्हणून. तिला कधी सांगितलंत?"

शांतवनने हातातला घास ताटात ठेवला. त्याने आठवून पाहिलं. दोन वर्षांत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, आणि ती बघायला तिथे कुणी लोक नव्हते.

ताट तसंच ठेवून तो उठला आणि शेजारच्या घरी गेला. हन्नाबाई गाठोडं बांधत होती.

"हन्नाबाई, मी क्षमा केलीच नव्हती. राग मनात तसाच होता आणि वर कौतुक करून घेत होतो. तुमचं पोट मारलं मी. मला माफ करा."

हन्नाबाईने गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाली, "केलं माफ, दादा. फक्त एक करा. हे येत्या रविवारी उभं राहून सांगू नका."

गाठोडं सोडताना तिला हसू आलं, आणि मग रडूही.

रविवार आला. काय सांगू, शांतवनला नुसती तळमळ! केवढी सुंदर साक्ष झाली असती. सगळं चर्च रडलं असतं. लोक वळून वळून त्याच्याकडे पाहत होते. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

बाहेर आल्यावर एकाने विचारलंच, "काय हो, आज हन्नाबाईचं काही नाही? तुमचा गोठा जळाला होता ना?"

"गोठा नाही हो. एकच गंजी होती, तीही अर्धी. बाकीचं मी पदरचं घातलं."

असं तो विचारेल त्याला सांगत राहिला, आणि दर वेळी त्याचे कान लाल व्हायचे. मग सुगीचा सण आला. सगळ्या गावाचं जेवण त्याच्या अंगणात होतं. त्याने हन्नाबाईला बोलावलं आणि म्हणाला, "चूल तुम्ही पेटवा." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक बाई उठली आणि तिच्या शेजारी कांदे चिरायला बसली. दुसरी आली, तिसरी आली. त्या दिवशी गाव पोटभर जेवलं, आणि पुढच्या लग्नाचं आमंत्रण हन्नाबाईला तिथेच मिळालं.

थोड्या वर्षांनी गंजी कुणाची जळाली आणि कुणामुळे, हे त्या गावात कुणाला सांगता येईना.

मुलांनो आणि मोठ्यांनो, केलेली क्षमा जो लोकांना सांगत फिरतो, त्याने ती अजून केलेलीच नसते.