पुसल्यावर उरणारी संख्या

एकदा एका नदीकाठच्या गणितशाळेत एक शिष्य आपल्या धूळपाटीपुढे मान खाली घालून बसला होता. वडिलांची दृष्टी गेल्यामुळे हळदीची पेढी सांभाळण्यासाठी त्याला घरी परतणे भाग होते. अंकगणित झाले होते, बीजगणित निम्म्यावर आले होते, ग्रहगणित तर दूरच. शाळेचा रिवाज मात्र कठोर होता. अर्धवट अभ्यास सोडणाऱ्याने पाटीवरची धूळ नदीत सोडायची आणि पुन्हा कधीही स्वतःला या शाळेचा शिष्य म्हणवायचे नाही.

"हळद तोलताना समीकरण मांडत बसू नकोस हो. गिऱ्हाईक निघून जाईल," शेजारी बसलेला एक सहाध्यायी म्हणाला.

शिष्य हसला नाही. त्याने पाटी उचलली.

"थांब," वृद्ध गुरुजी म्हणाले. "आधी एक संख्या लिही."

ते सांगत गेले आणि शिष्याने बोटाने धुळीत अंक उमटवले: ३८१६५४७२९०. शून्यापासून नवापर्यंतचा प्रत्येक अंक तीत एकदाच आला होता.

"दहाने भाग."

"जातो. शेवटी शून्य आहे, त्यात नवल ते काय, गुरुजी?"

गुरुजींनी ते शून्य पुसले. "उरले नऊ अंक. आता नवाने."

भाग निःशेष गेला. त्यांनी शेवटचा नऊ पुसला. उरलेल्या आठ अंकांना आठाने भाग गेला. योगायोग असेल, असे शिष्याला वाटले. मग दोन पुसला गेला. साताची परीक्षा सहजासहजी होत नाही, म्हणून त्याने भागाकार पुन्हा करून पाहिला. बाकी शून्यच.

आता तो स्वतःच पुसू लागला. सहा अंकांना सहाने, पाचांना पाचाने, चारांना चाराने. ३८१ ला तिनाने, ३८ ला दोनाने. पाटीवर एकटा तीन उरला, तेव्हा त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

"गुरुजी, ही कोणी रचली?"

"कोणीच नाही. या दहा अंकांच्या लक्षावधी मांडण्या होतात, त्यांत अशी ही एकटीच. आपण नव्हतो तेव्हाही ती अशीच होती, आपल्याला सापडली एवढेच."

शिष्याने ती संख्या पुन्हा धुळीत लिहिली. मग गुरुजी म्हणाले, "हिला कुठेही थांबव, ती तेवढ्यापुरती पुरी असते. पुढचा अंक येऊन सावरून घेईल, या भरवशावर तिने कुठेच बाकी ठेवलेली नाही. आता सांग, तू ठेवलीस?"

शिष्याने स्वतःला नीट तपासले. "नाही, गुरुजी. जे उमजले नाही ते पुन्हा विचारल्यावाचून मी पुढे गेलो नाही."

"मग तू अभ्यासातून लवकर उठलास, अर्धवट नाही. रिवाज अर्धवटांसाठी आहे. घरी काय सांगशील?"

शिष्याने त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले. "शिकून आलो, असे सांगेन."